आईचे पाय धुण्याचा कार्यक्रम

माझी आई पिंपळीत लोकांच्या वांग्या-टोमॅटोच्या रानात खुरपायला जायची. थंडीत तिच्या टाचा फुटायच्या. मग चुलीपुढे बसून ती मेणबत्तीचं मेण तेलात वितळवायची आणि भेगांत भरायची. त्या पायांच्या जिवावर मी बारामतीला कॉलेज केलं, घरातली पहिली पदवीधर झाले. आज सणसरच्या पुढे एका वस्तीवरच्या प्राथमिक शाळेत शिकवते. असे पाय मी जन्मापासून पाहिलेत. म्हणूनच हे लिहिताना मान वर होत नाही.

मूल्यशिक्षणाच्या तासाला मी आदर शिकवत होते. नुसतं बोलून मुलांत काही उतरत नाही, असं वाटलं म्हणून मातृपूजन ठरवलं. आईला खुर्चीवर बसवायचं, ताटात तिचे पाय धुवायचे, कुंकू-फूल वाहून ओवाळायचं. आमच्या भागात बऱ्याच शाळांत हे होतं. मलाही ते फार सुंदर वाटत होतं.

आया आल्या. बागाईतदार घरच्या बायका ठेवणीतल्या साड्या नेसून, पायांत पैंजण घालून आल्या होत्या. तिसरीतल्या एका मुलीची आई मात्र उसाच्या लागणीच्या कामावरून तशीच आली. मजुरीचा खाडा नको म्हणून तिने सकाळचं काम उरकलं होतं. ती शेवटच्या खुर्चीवर बसली, पाय खुर्चीखाली ओढून घेतले आणि त्यांवर साडीचा काठ सोडला.

मुलगी ताट घेऊन खाली बसली होती. आठवडाभर ती मला विचारत होती, माझ्या आईलापण खुर्ची मिळंल ना, म्हणून.

"आई, पाय पुढं घे की."

"हात धू माजं. पायाचं ऱ्हाऊ दे."

मी मोबाईलवर फोटो काढत तिथवर पोचले होते. आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ताई, लाजू नका. आईचे पाय म्हणजे देवाचे पाय."

सगळ्यांच्या माना वळल्या. तिने पाय पुढे केले. भेगांत काळी माती बसलेली, एका अंगठ्याला चिंधी बांधलेली. पाणी ओतल्याबरोबर ताट गढूळ झालं. शेजारचा पोरगा म्हणाला, "बाई, हिच्या ताटात च्या झालाय." पोरं हसली. दोघी-तिघी आयांनी तोंडाला पदर लावला.

मी त्या पोराला दटावलं. पण हसायला कारणच उरू नये, म्हणून मुलीला म्हणाले, "जा, पाणी बदलून आण." आता वाटतं, इतरांचं हसणं एक वेळ विरून गेलं असतं. माझ्या त्या वाक्याने त्यावर शिक्का मारला.

तिने पाणी आणलं. ते पुन्हा काळं झालं. ती नखांनी भेगा कोरू लागली. आईने ओठ दाबले आणि हळूच म्हणाली, "बास कर बाळा. त्ये निघत न्हाय." मुलीने ऐकलं नाही. पुन्हा ताट उचलून नळाकडे गेली. परत आली तेव्हा खुर्ची रिकामी होती. बाकीच्यांचं ओवाळणं चालू होतं. ती थोडा वेळ ताट धरून उभी राहिली, मग ते पाणी कुंपणाशी ओतून वर्गात जाऊन बसली.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. माफी मागायचं मनात ठरवलं होतं. त्या माउलीने मला सतरंजी अंथरली, चहा दिला. मी तोंड उघडण्याआधीच म्हणाली, "तुमचं काय चुकलं न्हाय बाई. मीच पाय धुऊन याया पायजे हुतं." मी चहा प्यायले आणि परत आले.

पुढच्या महिन्यात पालक सभा होती. ती येणार नाही असं मला वाटलं होतं, पण ती वेळेवर आली. भर उन्हात तिच्या चपलांत पांढरे मोजे होते. मुलीचे, शाळेच्या गणवेशातले. ताणूनही ते टाचेच्या वर जात नव्हते. मुलगी तिच्या शेजारी बसून मोज्याची कड पुन्हा पुन्हा ओढून टाच झाकत होती.

मला आदराबद्दल दोन शब्द बोलायचे होते. मी फळ्याकडे तोंड केलं आणि तारीख लिहीत राहिले.