खंडेनवमीचं लिंबू आणि ठोकळ्यातलं विमान

या ग्रुपवर मी नुसती वाचते, लिहीत नाही. बहुतेक अनुभव वाचून मनात म्हणते, उंदीर असेल, वारा असेल... त्यामुळे हे लिहिताना मलाच संकोच वाटतोय.

दिंद्रुडजवळ एका शिक्षणसंस्थेचं छोटं म्युझियम आहे. तिथल्या पत्र्याच्या शेडमध्ये हवाई दलाचं जुनं ट्रेनर विमान उभं आहे. ते ट्रकमधून सुट्या भागांत आलं होतं. माझे मामा हवाई दलात मेकॅनिक होते. रिटायर झाल्यावर त्यांनी ते जोडलं. इंजिन नाही, पण ढकललं तर चाकं फिरतील, एवढं त्यांनी सांभाळलं होतं. मी तिथे माहितीफलक लिहायला जायचे.

संस्थेचे अध्यक्ष आप्पा. त्यांना चाकं वेल्डिंगने कायमची जाम करायची होती. पोरं ढकलतील, कुणाच्या तरी पायावर जाईल, ही भीती. तशी खरीच होती. पण त्या विचाराने मामांचं जेवण कमी झालं होतं.

खंडेनवमीला विमानाचीही पूजा झाली. ट्रॅक्टरला ठेवतात तसं मामींनी चाकासमोर लिंबू ठेवलं. पण चाकाला दोन्हीकडून लाकडी ठोकळे लावलेले, म्हणून ते ठोकळ्याच्या पुढे ठेवावं लागलं. भोवती रांगोळी.

"आता न्या की लिंबावरून, फौजी!" आप्पा हसले.

"इंजन कुठंय त्याला?" मामा म्हणाले.

"मंग चाकं तरी कावून फिरायला पाहिजेत? उद्या वेल्डर येणार हाय."

"चाकं बांधली की ते इमान ऱ्हात न्हाई, आप्पा. पुतळा व्हतो."

सगळे जेवायला गेले. कुत्री येऊ नयेत म्हणून मी दार आतून लावलं आणि फलक चिकटवत बसले. आवाज काहीच झाला नाही. फक्त लिंबाचा वास आला – नुकत्याच चिरलेल्या.

वळून पाहिलं तर लिंबू चपटं झालेलं. सालीवर टायरच्या खाचा स्पष्ट उमटलेल्या. विमान जागेवर, ठोकळे जागेवर... रांगोळीची रेघसुद्धा मोडलेली नव्हती.

दार उघडून मी आधी आप्पांनाच बोलावलं. ते गुडघ्यांवर हात ठेवून बराच वेळ वाकून बघत राहिले.

"पोरी, मामासाठी तू तर न्हाई ना केलं हे?"

मी नकारार्थी मान हलवली. त्यांच्या जागी मीही हेच विचारलं असतं. आप्पांनी खिशातून फोन काढला आणि वेल्डरला येऊ नको म्हणून सांगितलं. लोकांना मात्र ते अजून सांगतात, वेल्डरच मिळाला नाही.

मी सगळं तपासून पाहिलं आहे – उतार, टायरमधली हवा, माझं स्वतःचं डोकं. उत्तर नाही.

मामांनी घरी जाताना एकच विचारलं, "रस कोणीकडं उडालता? पुढं का मागं?"

"पुढं."

गाडी चालवता चालवता ते किंचित हसले.

"मागं असता तर म्हनलो असतो, कुनीतरी ढकललं. इमान आपल्या मनानं मागं जात न्हाई."