आमच्या घरची पाळी

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे सांगताना मी लाजत नाही, कारण ते सोपं नव्हतं. नांदेडला हॉस्टेलवर राहून बी.ए. केलं. निकाल लागला त्या वर्षीचा कापणीचा सण मात्र पदवीपेक्षाही जास्त आठवतो.

औशाजवळच्या आमच्या खेड्यात चर्च म्हणजे पत्र्याचं एक लांबट घर. सणाच्या रविवारी वेदीपुढं ज्वारीची पोती, तुरीच्या शेंगा, भोपळे, पाय बांधलेली एखादी कोंबडी असा ढीग लागायचा. भक्ती झाली की त्याचा लिलाव, आणि मग प्रीतिभोजन. अंगणात सतरंज्या, पळसाच्या पत्रावळी, भात आणि तिखटजाळ रस्सा.

आमच्या मंडळीची एक रीत होती. वर्षभरात ज्या घरी आनंद झाला, त्या घरानं सगळ्यांच्या उष्ट्या पत्रावळी उचलायच्या. त्यातही ज्याच्यामुळं आनंद झाला, त्यानंच. प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले, आपण निदान पत्रावळी तरी उचलाव्या, एवढंच त्यामागचं शास्त्र. आमच्या घरावर पत्र्याच्या जागी पक्का स्लॅब पडला तेव्हा वडिलांनी बाह्या सारून उचलल्या होत्या. लोक मुद्दाम रस्सा सांडून ठेवत आणि म्हणत, स्लॅबवाले, जरा वाकून उचला. घरी येईपर्यंत वडील हसत होते.

त्या वर्षी पाळी माझी, हे मी आणि आई धरूनच चाललो होतो. पण चर्चमध्ये गेले तर पाळकसाहेबांच्या शेजारी माझ्यासाठी खुर्ची मांडलेली. शाल, नारळ, टाळ्या. शाल मला आवडली, खोटं कशाला बोलू? जेवणं झाली तशी मी पदर खोचून उठले, तर मंडळीतले सगळ्यांत थोरले, ज्यांना लहानथोर सगळे आबा म्हणायचे, त्यांनी हात आडवा केला.

"बस खाली. आमच्या आज्यापंज्यानं गावाच्या उष्ट्या उचलल्या. तू शिकलीस ते पुन्हा तेच कराया का?"

 गावच्या लग्नात सगळ्यांत शेवटी, लांब बसून जेवलेली माणसं होती अंगणात. आबांचं चूक आहे असं म्हणायची माझी छाती नव्हती. पण बाकीच्या बायका आपापल्या पत्रावळी गोळा करायला लागल्या, तेव्हा मनात आलं: शाल मिळाली आणि पाळी गेली, म्हणजे मी आता या घरची राहिले नाही, पाहुणी झाले.

आई कधी पुरुषांपुढं बोलायची नाही. ती चुलीजवळून उठून आली.

"आबा, गावाच्या उचलाव्या लागायच्या. न्हाई म्हणायची सोय नव्हती. हितल्या आपण आपल्या मनानं उचलतो. एवढ्या वर्षांत माझ्या घरी एवढा आनंद कधी झाला न्हाई. तेवढा तरी कबूल करा."

 आबांनी हात खाली घेतला.

मी दाराकडच्या पंगतीपासून सुरुवात केली. नव्या साडीच्या निऱ्यांवर रस्सा सांडला. कुणीतरी मागून म्हणालंच, बी.ए.बाई, शितं राहिली बघा. मला फार बरं वाटलं. शेवटी भिंतीला टेकून बसलेल्या आबांपाशी आले. त्यांनी आपली पत्रावळ दोन्ही हातांनी दाबून धरली होती. मी वाकून तशीच थांबले.

बऱ्याच वेळानं त्यांनी हात काढले. "घे. पण नोकरी लागली की पुन्हा तुझीच पाळी, ध्यानात ठेव."

लातूरला नोकरी लागली. सणाला गावी गेले आणि त्यांची पत्रावळ आधी उचलली. या खेपेला त्यांनी मुद्दाम रस्सा सांडून ठेवला होता.

आता लातूरच्या आमच्या चर्चमध्ये केटरर असतो. उभ्यानं जेवायचं, प्लेट ड्रममध्ये टाकायची. जेवण चांगलं असतं, तक्रार नाही. फक्त या वर्षी कुणाच्या घरी काय झालं, हे जेवून घरी आलं तरी कळत नाही. गावाकडं पत्रावळी कागदी झाल्यात, पण रीत आहे. यंदा माझी मुलगी बारावी पास झाली. सणाच्या रविवारी औशाची सकाळची एस.टी. धरायची, असं तिला आत्ताच सांगून ठेवलंय. जुना ड्रेस घाल, एवढंच वर म्हटलं.