उजवं चाक कोरडं होतं

ती घटना निवृत्तीनंतरही मनातून गेलेली नाही. तेव्हा मी टिटवाळ्याच्या बाजूला एका ठाण्यात निरीक्षक होतो. आंबिवलीच्या मागे टेकडीवर इमारतींचं काम चालू होतं. तिथे फरशा पोचवून परतणारी एक पिकअप उतारावर उलटली आणि चालक जागीच गेला. मागच्या डाव्या चाकाचा ॲक्सल बेअरिंगजवळ तुटला होता. चाक ड्रमसकट बाहेर आलेलं, ब्रेकचं तेल वाहून गेलेलं. आम्ही पंचनामा केला, अकस्मात मृत्यूची नोंद केली.

दिवसकार्य उरकल्यावर चालकाची बायको ठाण्यात आली. ठाणे अंमलदाराने पुढे केलेलं पाणी तिने घेतलं नाही.

"साहेब, माझा दीर एका दुपारी गाडीखाली होता. हातात तेलाची बाटली. मी विचारलं तर नुसता हसला."

दीर म्हणजे चालकाचा धाकटा भाऊ. एकाच घरात राहणारा, एकत्र जेवणारा. त्याला चौकशीला बोलावलं. निर्दोष माणूस आधी विचारतो, मला का बोलावलं? याने विचारलंच नाही. आवाजही चढवावा लागला नाही.

"गावातल्या एका हळदीत दादूसने, माझ्या मोठ्या भावाने, सगळ्या गावासमोर माझ्या कानाखाली मारली," तो म्हणाला. "त्याला एकदा घाबरवायचं होतं."

ब्रेकच्या मागच्या पत्र्याला एक रबरी बूच असतं. ते काढून त्याने आत तेल ओतलं होतं. लायनर तेलात भिजला की ब्रेक धरत नाही.

"कुठल्या चाकात?"

"उजव्या." मग हलक्या आवाजात म्हणाला, "पण साहेब, सुटलं डावं. त्याला मी हातही लावला नव्हता."

मोटार वाहन निरीक्षक आणि पंचांसमोर उजवा ड्रम उघडला. धाकटा शेजारीच उभा होता. आत तेलाचा थेंब नव्हता. लायनर नवाकोरा, बूचही नवं. धाकट्याने वाकून आत बोट फिरवलं आणि ते कोरडं बोट निरखलं. डाव्या बाजूचं बेअरिंग मात्र झिजून झिजून संपलेलं. तिथे कुणाचा हात नव्हता.

लायनर कुणी बदलला, ते शोधत आम्ही कल्याणच्या एका गॅरेजपर्यंत पोचलो.

"दादा स्वतः आलेले," गॅरेजवाला म्हणाला. "ब्रेक एका बाजूला ओढतो म्हणाले. उघडलं तर लायनर तेलाने भरलेला, पण ॲक्सलचं सील कोरडं, म्हणजे आतून गळती नाही. मी बोललो, हे बाहेरून कुणीतरी ओतलंय. ते म्हणाले, घरी कळता कामा नये. मी विचारलं, डावं पण उघडू का? तर म्हणाले, तिकडे काही नसणार."

कोठडीत धाकट्याला हे सांगितलं, तेव्हा तो भिंतीला टेकून खाली बसला.

"म्हणजे त्याला माहीत होतं? साहेब, शेवटी शेवटी तो मला रोज सकाळी म्हणायचा, चल की सोबत, पुढे बस. मला वाटलं त्याचा राग गेला. मीच काहीतरी कारण काढून टाळायचो."

मृत्यूचा ठपका त्याच्यावर आला नाही. तेल ओतल्याबद्दल आरोपपत्र पाठवलं. चाक का निखळलं, हे तपासात कळतं. सगळं ठाऊक असलेला माणूस भावाशेजारी रोज जेवायला कसा बसला, हे कळत नाही, हे मी या प्रकरणात शिकलो. त्याने माफ केलं होतं की आणखी काही मनात होतं? शेवटी मी चालकाच्या बायकोला विचारलं, त्या दिवसांत घरात काही वेगळं वाटलं का?



"तेव्हा हे दिराला स्वतः वाढायचे. मासळीचा चांगला तुकडा त्याच्या ताटात घालायचे," ती म्हणाली. "आणि तो जेवून उठेपर्यंत त्याच्याकडे बघत बसायचे."