साडूच्या घरची खडूची फुली

एकोणीसशे एकोणऐंशी साली मी चव्वेचाळीस वर्षांचा होतो, आणि त्या साली साऱ्या नागपुरात माझ्या साडूइतका अस्वस्थ माणूस दुसरा नव्हता, हे मी कोणासमोरही छाती ठोकून सांगायला तयार आहे. कोणी म्हणत असेल की आमच्याकडे होता असा एक, तर त्याने पुरावा घेऊन माझ्या दुकानात यावं. मी चौथीपर्यंत शिकलेला सुतार. माझं अक्षर रंधा न मारलेल्या फळीसारखं आहे, पण डोळ्यांनी पाहिलेलं मी मागे घेत नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा, सरकारी कचेरीत कारकून, अंगाने काडी. बसला की एक गुडघा हलायचा, उभा राहिला की खिशातल्या किल्ल्या वाजायच्या, आणि जेवताना घास तोंडात असला तरी डोळे समोरच्या खोलीतल्या स्टिरिओकडे असायचे.

तो स्टिरिओ त्याने विकत आणलेला नव्हता, जमवलेला होता. रेकॉर्ड फिरवायचं यंत्र एकीकडून, स्पीकर दुसरीकडून, ॲम्प्लिफायर पुस्तकात पाहून स्वतः जोडलेला, आणि स्पीकरच्या दोन पेट्या मी केलेल्या, अस्सल सागवानाच्या. त्या पेट्या त्याने चार वेळा सायकलवर बांधून परत आणल्या. "भाऊ, डावी पेटी गुणगुणून राहिली," म्हणायचा. मी कान लावला, काही नाही. म्हटलं, "लाकूड हाय गा ते, मच्छर नाही गुणगुणाले." तरी त्याने पेटी उघडून घेतली, आत गोधडीचे तुकडे चिकटवले, आणि दुसऱ्या दिवशी उजवी घेऊन हजर. माझ्या हातच्या कामाला नाव ठेवणारा दुसरा कोणी असता तर मी त्याला दुकानाची पायरी चढू दिली नसती. याला चढू दिलं, कारण तो नाव ठेवताना इतका दुःखी दिसायचा की जणू दोष पेटीचा नसून त्याच्याच छातीचा आहे.

समोरच्या खोलीत जमिनीवर त्याने खडूने एक फुली काढली होती. डाव्या पेटीपासून जितकी दूर, तितकीच उजवीपासून. त्या फुलीवर पाट, आणि पाटावर ऐकणारा. गाणं खरं ऐकू येतं ते फक्त तिथे, बाकी खोलीत नुसता आवाज, असं त्याचं म्हणणं. त्यामुळे एका वेळी एकच पाहुणा. बाकीचे ओसरीवर न्हाव्याच्या दुकानात बसावं तसे नंबर धरून बसलेले. पाटावरच्या माणसाचं डोकं साडू दोन्ही हातांनी धरून सरळ करायचा. शेजारच्या मास्तरांची मान जन्मापासून जरा तिरपी, त्यांना त्याने तीनदा सरळ केलं, तेव्हा मास्तर म्हणाले, "बावा, मान तुझ्या घरी ठेवून जाऊ का?" गाणं चालू असताना घड्याळाचा लंबक थांबवलेला असायचा. मेहुणीने चहा आणायचा तर बांगड्या कोपरापर्यंत वर सारून, आणि कप बशीशिवाय. आणि सगळ्यात मोठा गुन्हा म्हणजे कूलर बंद. नागपूरचा मे महिना ज्याने काढला आहे त्यालाच कळेल मी काय म्हणतो ते. बाहेर रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतंय, आणि हा माणूस खिडकीतला कूलर बंद करून, दारावर रजई लटकवून, घामाने निथळणाऱ्या पाहुण्याला विचारतोय, "दोन ठोक्यांच्या मधातली शांतता ऐकू आली?" ऐकू येत असे ती पाहुण्याची धाप.

गाण्याची आवड त्याला होती का, हे मला कितीतरी वर्षं कळलं नाही. सीताबर्डीच्या रेकॉर्डच्या दुकानात तो उभा राहिला की गाणारा कोण, राग कोणता, हे विचारायचाच नाही. विचारायचा, "डावीकडे काय हाय? उजवीकडे काय हाय?" एकदा दुकानदाराने वैतागून सांगितलं, "बाबूजी, तुमाले गाणं पायजे का दिशा पायजे?" याने शांतपणे उत्तर दिलं, "दिशा." घरी एक वही होती. तीत पाहुण्यांप्रमाणे रेकॉर्डी लावलेल्या. शेजाऱ्यांसाठी आगगाडीची, जी डाव्या भिंतीतून शिरून उजव्या भिंतीतून निघून जायची. साहेब लोकांसाठी विलायती वाजंत्री, चाळीस वाद्यं, प्रत्येकाची जागा ठरलेली. बायांसाठी पाऊस आणि ढगांचा गडगडाट. या पावसाने आमची सासू, जिवंत असताना, एकदा अंगणातले पापड काढायला धावली होती, आणि साडूने तो दिवस वहीत लाल शाईने लिहून ठेवला होता. पण कोणतीच रेकॉर्ड मिनिटभरापेक्षा जास्त चालत नसे. आपण जरा रंगात आलो की सुई वर. "हे राहू द्या, आता हे ऐका." पुन्हा सुई वर. त्याच्या घरी मी जितकी गाणी ऐकली, त्या सगळ्यांची नुसती तोंडं मला माहीत. मी एकदा चिडून म्हटलं, "पुरं होऊ दे की बे." तर म्हणाला, "पुरं कायले? यंत्र कसं हाय ते समजलं ना?"

आता त्या साली काय झालं ते सांगतो. आमचे सासरे कामठीला एकटे राहत. आम्ही त्यांना मामाजी म्हणायचो. जन्मभर मागावर बसलेले, आणि संध्याकाळी भजनी मंडळात तबल्याची साथ. मुलगा नाही, दोनच पोरी, एक माझ्या घरी, एक साडूच्या. सासू गेल्यावर दोन्ही बहिणींनी किती विनवलं, पण मामाजींचा जुना कायदा. पोरीच्या घरी राहायचं नाही, जेवायचं नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही. भेटायला यायचे तर स्वतःच्या पाण्याची बाटली घेऊन, आणि दिवस मावळायच्या आत परत. एप्रिलात ते न्हाणीत घसरून पडले. दोन तास तसेच पडून होते, शेजारीण डबा द्यायला आली म्हणून कळलं. बहिणी रडून रडून अर्ध्या झाल्या. मी मोठा जावई, म्हणून आधी मी गेलो. सरळ सांगितलं, "मामाजी, उद्या काही झालं तर लोक आमच्या तोंडात शेण घालतीन." ते म्हणाले, "तू धुऊन घेजो." असा मी हात हलवत परत आलो, आणि रागाने महिनाभर तिकडे फिरकलो नाही. माझा स्वभाव असा आहे, तो काही मी लपवत नाही.

साडू म्हणाला, "भाऊ, मी आणतो त्यायले. तबला ऐकवतो. असा तबला का त्यायचा पाय इथून निघणार नाही." मी हसलो. पण मामाजींनी निरोप धाडला की रविवारी येतो, तुझं यंत्र पाहतो.

तो आठवडा मी विसरणार नाही. सोमवारी सकाळी साडू माझ्या दुकानात, काखेत पाच रेकॉर्डी. "भाऊ, यातली कोणती?" मी म्हटलं, मला काय समजतं त्यातलं. मंगळवारी वेगळ्या पाच. बुधवारी कचेरीला दांडी मारून सीताबर्डीवर तीन दुकानं पालथी घातली. मेहुणी माझ्या बायकोला सांगत होती, "अवं ताई, झोपेत म्हणते, ही नको, ती लाव." गुरुवारी त्याने ठरवलं की आधी आगगाडी, मग पाऊस, मग तबला. शुक्रवारी उलटं. शनिवारी येऊन माझ्या लाकडाच्या ढिगावर बसला, आणि गुडघा हलवत म्हणाला, "भाऊ, त्यायले नाही आवडलं तं?" मी म्हटलं, "नाही आवडलं तं नाही आवडलं." त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला माझंच वाक्य खाली ठेवावंसं वाटलं. "ते पुन्हा पडले तं?" तो म्हणाला. तेव्हा मला कळलं की हा दिशा नाही शोधत आहे.

रविवारी दुपारी मामाजी आले. पांढरं धोतर, हातात बाटली. साडूने कूलर बंद केला, रजई सोडली, मामाजींना फुलीवर बसवलं, मला कोपऱ्यात. डोकं धरायची हिंमत मात्र झाली नाही. आगगाडी लावली. गाडी डावीकडून आली, धडधडत उजवीकडे गेली. मामाजींनी त्या भिंतीकडे बराच वेळ पाहिलं.

"कुठं गेली गा?"

"गेली, मामाजी. भिंतीतून."

"मंग आता परत कवा हाय?"

रजईमागे ओसरीवर माझी बायको हसल्याचं ऐकू आलं. साडूने घाईघाईने पाऊस लावला. मामाजी म्हणाले, "पाऊस पाडून राहिला आन् कूलर बंद ठेवते, कसा माणूस हायेस तू?" साडूच्या कपाळावरचा घाम नाकावर आला. त्याने तिसरी रेकॉर्ड काढली, एका म्हाताऱ्या गवयाची, सोबत नुसता तबला. सुई टेकली. डाव्या पेटीतून गाणं निघालं आणि उजवीतून तबला, इतका स्वच्छ की तबल्याच्या काळ्या शाईवर पडलेलं बोटन्‌बोट मोजता यावं. मामाजींची बोटं, आखडलेली, गुडघ्यावर हलली. साडूने माझ्याकडे पाहिलं. मग बोटं थांबली.

"हा तबलेवाला कुठं बसला हाय?"

"उजव्या पेटीत, मामाजी."

"आन् गाणारा?"

"डाव्या."

"भांडण झालं का यायचं?"

साडू समजावायला लागला, की दोघे वेगळे ऐकू येणं हीच तर यंत्राची करामत. मामाजींनी त्याला बोलू दिलं. मग म्हणाले, "बाप्पा, संगत करणाऱ्याले गाणाऱ्याचं तोंड दिसलं पायजे. श्वास कवा घेते, मान कवा हलवते, ते पाहून हात पडते. इतक्या दूर बसून संगत नाही होत. नुसता ठोका होते." आणि ते उठले, उजव्या पेटीला दोन्ही हात घातले, आणि ओढायला लागले.

त्या पेट्यांच्या पायांभोवती जमिनीवर खडूच्या रेघा होत्या. झाडताना मेहुणीचा झाडू लागला तरी त्या घरात दोन दिवस अबोला असे. साडू उभा राहिला. मला वाटलं, आता हा काहीतरी बोलणार आणि म्हातारा बाटली उचलून जाणार. त्याने काय केलं, तर जाऊन डावी पेटी उचलली आणि आणून उजवीला टेकवून ठेवली. खांद्याला खांदा. मामाजी पाट सोडून पेट्यांच्या अगदी पुढ्यात बसले. "ते कूलर लाव गा, जीव चालला." साडूने कूलर लावला. कूलरच्या जाळीतला खस ओला झाला, पंख्याची घरघर सुरू झाली, आणि त्या घरघरीत गाणं आणि तबला एकाच जागेवरून येऊ लागले. मामाजी माझ्या सागवानावर बोटं टेकवून साथ करत होते. काही बोटं पडत होती, काही पडत नव्हती. साडू भिंतीला टेकून बसला होता. पूर्ण एक बाजू वाजली. सुईला त्याने हात लावला नाही, आणि त्याचा गुडघा हलत नव्हता.

रेकॉर्ड संपली तेव्हा तो म्हणाला, "मामाजी, इथंच राहा. रोज लावू."

मामाजी बाटलीतलं पाणी प्यायले, मग झाकण लावलं. "लय चांगलं हाय तुझं यंत्र," ते म्हणाले. "पण पोरीच्या घरी नाही राहत मी." आणि साडेपाचच्या बसने कामठीला गेले. मेहुणी स्वयंपाकघरात जाऊन रडली. मी साडूला म्हटलं, "मी म्हटलं होतं तुले." हे वाक्य मी बोलायला नको होतं, हे आज इतक्या वर्षांनी कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता तो एक टेम्पो घेऊन माझ्या दारात. मागे रजयांमध्ये गुंडाळलेला सगळा स्टिरिओ. "बसा भाऊ, पेट्या धरा." कामठीला मामाजींची दहा बाय दहाची खोली, चारी बाजूंनी यंत्रमाग सकाळपासून खडखडत असलेले, शेजारच्याला हाक मारायची तर ओरडावं लागे. त्या खडखडाटात साडूने एकमेकींना चिकटून पेट्या मांडल्या, तारा जोडल्या, आणि कालचीच रेकॉर्ड लावली. मामाजी दारात उभे राहून पाहत होते.

"हे काय गा?"

"माझा माल हाय. तुमच्या घरी ठेवतो. माझ्या घरी जागा नाही."

मामाजींनी पेटीवरून एकदा हात फिरवला. म्हणाले, "बरं. मंग मले चालवाले शिकव."

"नाही," साडू म्हणाला. "याले दुसऱ्याचा हात नाही चालत. कचेरी सुटली का मीच येत जाईन, रोज." आणि त्याने यंत्राची सुई अलगद काढली, कागदात गुंडाळली, शर्टाच्या खिशात ठेवली आणि नऊच्या बसने कचेरीला निघून गेला.