ट्रेबलची वायर

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. दिवसा मी जालन्याच्या एमआयडीसीतल्या एका सळ्यांच्या रोलिंग मिलमध्ये कामाला होतो आणि लग्नसराईत, गणपतीत एका ऑर्केस्ट्रात बास गिटार वाजवायचो. त्या वर्षी ऑर्केस्ट्रात नवा कीबोर्ड आला. त्यावर डाव्या हातानं बासही वाजवता यायचा. ऑर्केस्ट्राच्या मालकांनी मला दोनदा ऐकवलं की तुमचा बास नुसता धप धप येतो, सूर कळत नाही. दिवाळीपर्यंत काहीतरी करा म्हणाले. पुढचं बोलले नाहीत, पण ते मला कळलं.

त्यांचं चुकत नव्हतं. वडीगोद्रीला मोकळ्या मैदानात कार्यक्रम झाला, तेव्हा आवाजाचा मिक्सर स्टेजपासून खूप लांब होता. तेवढ्या लांब वायरीतून जाताना माझ्या गिटारचा आवाज पार मरगळून गेला.

जालन्यातच कादराबादेत एक म्हातारे मेकॅनिक होते. रेडिओ, अँप्लिफायर, सगळं दुरुस्त करायचे. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. त्यांनी सांगितलं की गिटारच्या पोटातच एक छोटा प्रीअँप बसवा, म्हणजे आवाज वायरीत शिरायच्या आधीच ताकदीचा होईल. त्याला एक चौकोनी बॅटरी लागते, आणि तिच्यासाठी लाकूड कोरावं लागतं. कोरलेलं लाकूड परत भरून येत नाही, म्हणून आधी सर्किट बाहेरच जोडून ऐकायचं असं ठरलं.

चाचांनी मुंबईहून दोन सर्किटं मागवली. एकाला दोन बटणं होती, खालच्या सुरांसाठी बास आणि वरच्या सुरांसाठी ट्रेबल. दुसऱ्याला मधल्या सुरांचं तिसरंही बटण होतं. दोन बटणांचं बॅटरी कमी खायचं. बॅटरी गाण्याच्या मध्येच संपली तर गिटार मुकी होते, म्हणून मला तेच बरं वाटत होतं.

रविवारी दुपारी मी दुकानात गिटार घेऊन बसलो. चाचांनी पहिलं सर्किट चिमट्यांनी जोडलं, ट्रेबलचं बटण पूर्ण फिरवलं आणि विचारलं, कसं वाटतं. मला काही फरक कळला नाही. मी म्हणालो, छान. मग दुसरं जोडलं. ह्यात सूं सूं जरा जास्त आहे, नाही का, असं त्यांनी विचारलं. मी मान हलवली. खरं म्हणजे मला सूं सूं कुठेच ऐकू येत नव्हती.

तेवढ्यात चाचा माझ्या मनगटाकडे बघून म्हणाले, "तीन वाजले."

माझं घड्याळ दर तासाला बीप बीप वाजायचं. ते वाजणं कधीचं बिघडलंय असं मी धरून चाललो होतो. चाचांना ते आत्ता ऐकू आलं होतं. मिलमध्ये भट्टीवर एक कामगार होते, त्यांना ऐकू कमी यायचं. लोक त्यांच्यासमोर नुसते ओठ हलवायचे आणि ते "काय? काय?" करत पुढे वाकले की हसायचे. मीही एकदा हसलो होतो.

आठ दिवसांनी येतो म्हणून मी निघालो. घरी कुणाला बोललो नाही. त्या आठवड्यात मी सारखा स्वतःला तपासत राहिलो. कानाशी बोटं चोळून बघायचो, बायको स्वयंपाकघरातून बोलली की श्वास रोखून ऐकायचो. ती खरंच काही विचारत होती की मला नुसता भास होत होता, हे मला सांगता येईना.

पुढच्या रविवारी चाचांनी तीन बटणांचं सर्किट लावलं, ट्रेबल सावकाश फिरवलं.

"आता?"

"आता एकदम मोकळा येतोय," मी म्हणालो. "हेच बसवा."

चाचांनी हात खाली घेतला. दुकानात आम्ही दोघंच होतो. त्यांनी टेबलावर लोंबणारी एक पिवळी वायर मला दाखवली.

"ट्रेबलची वायर जोडलीच न्हाई मी," ते हळू म्हणाले. "कवापासून असं होऊन राह्यलं?"

मी गिटार खाली ठेवली. कुणाला सांगू नका, एवढंच कसंबसं म्हणालो.

"मी कशाला सांगतो? पण आधी कान दाखवून या. तोवर मी लाकडाला हात लावणार न्हाई, बिलकुल."

त्या संध्याकाळी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मला वाटलं तुम्ही मुद्दाम लक्ष देत न्हाई." तिला वर्षभर तसं वाटत होतं.

औरंगाबादच्या सरकारी दवाखान्यात मला काचेच्या खोलीत बसवलं, कानावर हेडफोन लावले. आवाज आला की बटण दाबायचं. सुरुवातीला दाबत गेलो. मग काही येईना. काचेपलीकडच्या बाई मात्र मशीनची बटणं फिरवत होत्या, कागदावर खुणा करत होत्या. म्हणजे आवाज होता. ती शांतता मला सहन होईना. न ऐकताच बटण दाबावं असं फार वाटलं, पण दाबलं नाही.

डॉक्टरांनी कागद दाखवला. रेघ अर्ध्यापर्यंत ठीक होती, पुढे उतारावरून घसरली होती. हे मिलच्या आवाजानं झालंय, गेलेलं परत येत नाही, खालचे सूर शाबूत आहेत, असं ते म्हणाले. ते किती वर्षं राहतील ते सांगता येत नाही, हेही म्हणाले.

बायको माझ्याबरोबर चाचांच्या दुकानात आली. मला त्यातलं काय कळतं, असं म्हणत स्टुलावर बसली. मी वाजवत गेलो, चाचा ट्रेबल फिरवत गेले, आणि एका ठिकाणी ती म्हणाली, "इथं. ह्याच्या पुढं कानाला टोचतं." चाचांनी तेवढ्यावर स्क्रू आवळला आणि ते बटण आतच ठेवलं. गिटारच्या वर बास आणि मधल्या सुरांची अशी दोनच बटणं काढली, कारण ती मला ऐकू येत होती. बॅटरी संपली तर सर्किट वगळून थेट आवाज जावा म्हणून एक खटकाही दिला. लाकूड कोरताना मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

तीर्थपुरीच्या कार्यक्रमात मी ती गिटार घेऊन उभा राहिलो. समोरच्या लोकांना माझा आवाज कसा ऐकू जातोय, हे मला कधीच पूर्ण कळणार नव्हतं. मी बोटांकडे बघत वाजवत राहिलो. संपल्यावर मालक एवढंच म्हणाले की आज सूर कळला. मी त्यांना तिथंच कानाचं सांगून टाकलं. त्यांनी मला पुढच्या कार्यक्रमाची तारीख सांगितली.

मिलमध्ये अर्ज करून मी स्टोअरला बदली घेतली. दरवर्षी औरंगाबादला तपासणी चालू ठेवली. तिसऱ्या वर्षी रेघ आणखी थोडी डावीकडून, खालच्या सुरांच्या बाजूनं, घसरायला लागली होती. तो कागद मी बसमध्ये घडी न घालता हातात धरून बसलो होतो, आणि शेजारी बायको काहीतरी सांगत होती. मी तिच्याकडे वळलो आणि म्हणालो, "जरा मोठ्यानं बोल."