वरून कडक झालेली दाढ

चूक माझी होती आणि दोष मी पेशंटच्या माथी मारला.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस महाडच्या माझ्या दवाखान्यात निळ्या प्रकाशाचा दिवा आला. दातात कॉम्पोझिट नावाचं मऊ मिश्रण भरायचं, दिवा धरायचा, की ते कडक होतं. पण प्रकाश खोल पोचत नाही, म्हणून खोल दाढ पातळ थरांनी भरायची आणि प्रत्येक थरावर दिवा धरायचा. हे मला पक्कं ठाऊक होतं, हातही चांगला होता.

पोलादपूरकडच्या एका मावशींची दाढ फार किडली होती. त्यांची एसटी सुटायला आली होती, म्हणून मी सगळं एकदम भरलं. वरून ते दगडासारखं लागलं.

पाच महिन्यांनी त्या गाल धरून आल्या. वरचं कवच फोडलं, तर खाली कॉम्पोझिट मऊच होतं आणि दाढ आतून कुजली होती. ती काढावी लागली.

"मावशी, सुपारी खाता का?"

"सुपारी नाय खात. चणे खाल्ले व्हते एकदा."

"मग चण्यांनीच झालं."

पुढच्या वर्षी त्या नवऱ्याचे दात दाखवायला आल्या. "यांना चण्याला हात लावू देत नाय मी," त्या अभिमानाने म्हणाल्या. "मीबी सोडले. माझी दाढ गेली ना."

मी हातातला आरसा खाली ठेवला.

"मावशी, चण्यांनी काही झालं नव्हतं. मी घाईत दाढ नीट भरली नाही आणि तुमच्याशी खोटं बोललो. मला माफ करा."