विहीणबाईंचे ताट

आमची धाकटी जाऊ मिल्डा गेली, त्याला आता सहा आठवडे होतील. सकाळी दीर स्वतः धंतोलीच्या आपल्या बिऱ्हाडाहून आमच्या महाल भागातल्या घरी चालत आले, ओट्यावर बसले आणि म्हणाले, "वहिनी, मिल्डा गेली." मी निवडत होते ते तांदूळ झाकून ठेवले, लुगडे बदलले आणि त्यांच्याबरोबर निघाले. मला रडू लवकर येत नाही, आणि तिला रडणारी माणसे आवडत नसत.

मिल्डा लात्विया नावाच्या मुलखातली. रशियाच्या शेजारी, समुद्राकाठी, फार थंडीचा मुलूख आहे म्हणतात. दीर खाणकाम शिकायला जर्मनीला गेले होते, तिथे त्यांची ओळख झाली आणि लग्न करूनच ते परत आले. सासूबाईंनी तिचे नाव मालती ठेवले आणि ताटवाटी वेगळी ठेवली. पहिले वर्षभर ती पडवीत एकटी जेवली. ते ताट मीच नेऊन ठेवत असे आणि पेल्यात पाणी वरून मीच ओतत असे. तुम्ही काही बोलला नाहीत का, असे आता लोक विचारतात. नाही बोलले. पुढे ती आमच्या पंगतीत आली तीही कोणाच्या मोठेपणामुळे नव्हे. सासूबाईंचे गुडघे धरले आणि रोज तेल चोळायला तीच बसू लागली, म्हणून. मराठी ती आमच्या स्वयंपाकघरात शिकली, त्यामुळे मले-तुले करून बोले. शिकलेल्या बाया तोंडाला पदर लावून हसत. तिला त्याचे काही वाटत नसे.

लग्नाला तीन वर्षे झाली तेव्हा तिच्या आईचे पत्र आले. म्हातारी एकटी बोटीने येणार होती. पडवीतल्या ताटाची गोष्ट मिल्डाने कधीतरी तिला लिहिली होती. मुलगी सुखात दिसली तर ठेवीन, नाही तर घेऊन जाईन, असे पत्रात स्पष्ट होते. दीर तेव्हा बालाघाटकडे खाणीवर. म्हातारीला आपली भाषा आणि थोडे जर्मन, एवढेच येत होते. तेव्हा मिल्डा मला म्हणाली, "जाऊबाई, चार शब्द शिका. घरात कोणी तरी तिच्याशी बोललं पाहिजे."

भिवापुरी मिरच्यांचे देठ खुडता खुडता माझी शिकवणी सुरू झाली. दिवसा कोणी भेटले तर 'लाब्दियेन'. काही देताना 'लूद्झू'. काही घेतल्यावर 'पाल्दिएस'. चुकले तर 'आत्वाइनोयेत'. हा शेवटचा शब्द माझ्या तोंडात बसेना. मी चौथी पास, त्यात दोन दात पडलेले. ती दहा दहा वेळा म्हणून घेई.

"पाणी दिलं तरी पाल्दिएस, मीठ दिलं तरी पाल्दिएस," मी वैतागून म्हटले. "तुमच्यात काम कधी करतात वं?"

"म्हणत म्हणतच करतात. म्हणा पुन्हा."

सासूबाई झोपाळ्यावरून ऐकत होत्या. "म्हातारपणी मडम होऊन राहिली का वं थोरली?" मी तेव्हा चाळिशीचीही नव्हते.

म्हातारी आली. उंच, काळ्या कपड्यांतली, पाठ ताठ. स्टेशनाजवळच्या हॉटेलात उतरली आणि रोज दुपारी आमच्याकडे येऊन बसू लागली. मी दारात लाब्दियेन म्हटले, तिने मान हलवली. मला वाटले, झाले, काम फत्ते. आमच्याकडचा रिवाज असा, की लेकीला मूल होईपर्यंत आईबाप तिच्या घरचे अन्नपाणी घेत नाहीत. मिल्डाला मूल नव्हते. सासूबाईंनी विहिणीचा मान म्हणून हा रिवाज कडक पाळला. बसायला गालिचा, वाऱ्याला पंखा, गळ्यात हार... आणि पाण्याचा पेला नाही. मार्च संपत आला होता. ती तीन दिवस तशी बसली. आम्ही तिचा धर्म राखतो आहोत अशा समाधानात आम्हीही बसलो. रिवाज मिल्डाला आधी सांगावा हे माझ्या डोक्यातही आले नाही. जगात सगळीकडे असेच असेल असे मी धरून चालले होते.

तिसऱ्या दिवशी मिल्डा स्वयंपाकघरात आली. चेहरा पांढरा.

"जाऊबाई, आई म्हणते, हे लोक तुले अजून माणसात घेत नाहीत, मलेही नाही. परवाच्या गाडीनं चाल म्हणते."

मी कपाळावर हात मारला आणि तिला रिवाज सांगितला. ती बाहेर गेली, आईशी बोलली आणि तशीच परत आली.

"तिले खोटं वाटते. मी ताट नेतो म्हटलं, तं म्हणते, तू आणशील त्याले काय अर्थ? घरानं आणलं पाहिजे."

"तुले जायचं हाय का?"

"नाही."

तेवढे मला पुरे होते. मी गोळाभात वाढला, त्यावर फोडणीचे तेल घातले, पाण्याचा तांब्या घेतला आणि बैठकीत गेले. सासूबाई झोपाळ्यावरून उठल्याच.

"काहून वं, विहिणीले पापात पाडून राहिली तू?"

"लागन तं मले लागन पाप," मी म्हटले आणि ताट म्हातारीपुढे ठेवले. "लूद्झू." ती हलली नाही. ताटाकडे न पाहता माझ्याकडे पाहत राहिली. मग मी तो दातांत अडकणारा, चुकल्यावर म्हणायचा शब्द म्हटला. दोनदा म्हटला, पहिल्यांदा चुकला म्हणून. म्हातारी आधी पाणी प्यायली, सगळा तांब्या. मग हाताने जेवली, मिल्डासारखी व्यवस्थित कालवून. म्हणजे लेकीने पत्रात तेही लिहिले असणार.

सासूबाई महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. म्हातारी आठवड्याने एकटी परत गेली. स्टेशनवर तिने माझे दोन्ही हात धरले आणि पुष्कळ बोलली. त्यातला पाल्दिएस तेवढा मला कळला. बाकीचे काय होते ते मी मिल्डाला कधी विचारले नाही. गाडी गेल्यावर घरी कामे होती, मग राहून गेले. एक दुपार पुरली असती...

मायलेकींची पुन्हा भेट झाली नाही. पुढे लढाई लागली आणि पत्रे थांबली. ताट नेले ते बरे केले की वाईट, ते मला सांगता येत नाही. तिथे गेली असती तर लढाईत काय झाले असते, कोण जाणे.

तेराव्यानंतर दीर म्हणाले, तिच्या आईला कळवायला हवे. मी म्हटले, लिहा. आजाराचे लिहू नका, तिने भोगले ते भोगले. तुमची मुलगी अखेरपर्यंत आमच्यात बसून जेवली, एवढे लिहा आणि खाली माझे नाव घाला. दीरांनी जर्मनमध्ये लिहिले. पोस्टातले बाबू म्हणाले, त्या मुलखाचे काही ठरलेले नाही, पत्र पोहोचेल याची हमी नाही, म्हणून घेत नाही. दीरांनी पाकीट परत आणून तिच्या स्वयंपाकघरात फळीवर ठेवले, तिच्या शेपूच्या बियांच्या बरणीला टेकवून. दर सोमवारी मी धंतोलीला जाते आणि त्यांना ते पोस्टात न्यायला लावते. आतापर्यंत तीनदा ते फळीवर परत आले आहे.